विल्यम पेन : पत्रकं छापून माणसं वसवणारा मालक



पाचवीच्या वर्गात स्थलांतर हा विषय निघाला की मुलं भराभर कारणं सांगतात. दुष्काळ, नोकरी, धरण, ऊसतोड. मागच्या वर्षी एका मुलीने मात्र उलटाच प्रश्न विचारला. माणसं गाव सोडून जातात हे समजलं, पण एखाद्या नवीन गावालाच माणसं हवी असतील तर ते गाव माणसं बोलावतं कसं? मी तेव्हा वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. वाचता वाचता मी विल्यम पेन या इंग्रज गृहस्थांपाशी येऊन थांबले. अमेरिकेच्या नकाशात पेनसिल्व्हेनिया नावाचं जे राज्य दिसतं, त्याच्याशी जोडलेलं हे नाव. आजचा लेख त्यांच्यावर आहे. थोडा मोठा झालाय, पण विषयच तसा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांची सत्ता म्हटलं की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनी आठवते. आपल्याकडे वस्ती दाट होती, कंपनीला हवा होता व्यापार आणि पुढे महसूल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं गणित वेगळं होतं. तिथे इंग्लंडचा राजा एखाद्या सरदाराला किंवा मंडळाला सनद लिहून द्यायचा आणि तो माणूस कागदावर हजारो चौरस मैलांचा मालक व्हायचा. पण जंगल तोडायला, नांगर धरायला, खंड भरायला माणूस नसेल तर अशा सनदेचं करायचं काय? म्हणून व्हर्जिनियात, जो स्वतःच्या खर्चाने एक माणूस आणेल त्याला 50 एकर जमीन द्यायची पद्धत पडली. मेरीलँडचे लॉर्ड बाल्टिमोर, कॅरोलायनाचे आठ मालक, सगळ्यांनीच काही ना काही आमिष दाखवलं. पेन या सगळ्यांच्या नंतर आले. मात्र माणसं बोलावण्याचं काम त्यांच्याइतकं पद्धतशीर फार थोड्यांनी केलं असेल.

बालपण आणि घरातलं भांडण

विल्यम यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1644 रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचं नावही विल्यम पेनच. ते इंग्लंडच्या आरमारात मोठे अधिकारी होते, 1655 मध्ये स्पेनकडून जमैका बेट घेतलं गेलं तेव्हा त्या मोहिमेचं आरमार त्यांच्याच हाताखाली होतं. आयर्लंडमध्ये त्यांना जमीनजुमला मिळालेला होता. विल्यमला लहानपणी देवी आल्या, त्यात डोक्यावरचे केस गेले, त्यामुळे त्याला टोप वापरावा लागे. ही देवीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका जहाजावर ती पुन्हा येणार आहे.

वडिलांची इच्छा साधी होती. मुलाने शिकावं, दरबारात वावरावं, घराण्याचं नाव वाढवावं. 1660 मध्ये त्याला ऑक्सफर्डला घातलं. तिथे सक्तीच्या प्रार्थनेवरून त्याचं पटलं नाही आणि 1662 मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. वडिलांनी त्याला मारलं, घराबाहेरही काढलं. मग सुधारेल म्हणून फ्रान्सला पाठवलं. तो परत आला तेव्हा कपडे फ्रेंच, चालणं-बोलणं झोकदार. वडील खूश झाले! पुढे कायद्याचं शिक्षण सुरू झालं, तेवढ्यात 1665 मध्ये लंडनमध्ये प्लेग आला आणि 1666 मध्ये मोठी आग लागली. दाटीवाटीच्या गल्ल्या, लाकडी घरं, एकाला लागून दुसरं. शहर कसं असू नये हे या तरुणाने तेव्हा पाहिलं.

1667 मध्ये जमिनीच्या कामासाठी तो आयर्लंडमध्ये कॉर्क इथे गेला असताना थॉमस लो या क्वेकर उपदेशकाचं बोलणं ऐकलं आणि तो स्वतः क्वेकर झाला. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक पंथ. त्यांना धर्मगुरू नको, शपथ घेणं नको, शस्त्र उचलणं नको. देवापुढे सगळे सारखे, म्हणून मोठ्या माणसासमोर टोपी काढायची नाही. त्या काळी इंग्रजीतही आपल्यासारखेच तू आणि तुम्ही असे दोन शब्द होते. क्वेकर सगळ्यांनाच तू म्हणत. न्यायाधीशालाही तू, सरदारालाही तू. मराठी माणसाला यातला उर्मटपणा लगेच कळेल. इंग्लंडमधल्या अधिकाऱ्यांनाही कळला आणि हजारो क्वेकर तुरुंगात गेले.

पेनही गेले. 1668 मध्ये एका पुस्तिकेबद्दल त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये सुमारे आठ महिने ठेवलं. 1670 मध्ये रस्त्यावर प्रवचन केलं म्हणून खटला झाला. बारा पंचांनी त्यांना दोषी ठरवायला नकार दिला तेव्हा न्यायाधीशांनी पंचांनाच अन्नपाण्याविना कोंडून ठेवलं. तरी ते बधले नाहीत. त्यातल्या बुशेल नावाच्या पंचाने पुढे दाद मागितली आणि पंचांना त्यांच्या निकालाबद्दल शिक्षा करता येणार नाही असं ठरलं. इंग्रजी कायद्यात हा खटला आजही शिकवतात. त्याच वर्षी वडील वारले. जाण्याआधी बापलेकांचं मनोमिलन झालं होतं.

राजाचं कर्ज

1672 मध्ये पेन यांचं गुलिएल्मा स्प्रिंगेट यांच्याशी लग्न झालं. पुढची काही वर्षं प्रवचनं, पुस्तिका आणि प्रवास यांत गेली. 1677 मध्ये ते हॉलंड आणि जर्मनीत फिरले. तिथेही धर्मावरून गांजलेली माणसं होती. ही ओळख पुढे फार कामाला आली. त्याच सुमारास न्यू जर्सीच्या पश्चिम भागात क्वेकरांची वसाहत उभी राहत होती, तिच्या व्यवहारात पेन विश्वस्त होते. म्हणजे वसाहत कशी चालवतात याची उमेदवारी त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात केली म्हणा ना.

वडिलांनी आरमारासाठी दिलेले पैसे आणि थकलेला पगार मिळून राजाकडून सुमारे 16,000 पौंड येणं होतं. राजा दुसरा चार्ल्स कायमच पैशाच्या अडचणीत. पेन यांनी 1680 मध्ये अर्ज केला की पैशाऐवजी अमेरिकेत जमीन द्या. 4 मार्च 1681 रोजी सनद मिळाली. जवळजवळ 45,000 चौरस मैल! मोबदल्यात राजाला दरवर्षी बीव्हर या प्राण्याची दोन कातडी द्यायची आणि सोनंचांदी सापडलं तर पाचवा हिस्सा. पेन यांना नाव हवं होतं न्यू वेल्स, मग त्यांनी सिल्व्हेनिया म्हणजे वनभूमी असं सुचवलं. राजाने त्याच्या आधी पेन लावलं, वडिलांच्या सन्मानासाठी. आपण स्वतःचंच नाव लावून घेतलं असं लोक म्हणतील म्हणून पेन संकोचले होते. झालंही तसंच, आज सगळ्यांना मुलाचंच नाव वाटतं.

वर्गात एक जोडणी जरूर करा. हाच तो दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न केल्यावर मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने 1668 मध्ये ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुंबईलाही तेव्हा माणसं हवी होती. गव्हर्नर जेराल्ड अंजियर याने व्यापारी आणि कारागीर यावेत म्हणून आपापला धर्म पाळण्याची मोकळीक देऊ केली. म्हणजे एकाच राजाने दिलेल्या दोन ठिकाणी, पृथ्वीच्या दोन टोकांना, साधारण एकाच काळात हीच युक्ती चालू होती.

पण ही जमीन राजाची होती का? तिथे लेनापे लोक कित्येक पिढ्या राहत होते, सस्क्वेहॅनॉक लोक होते. नदीकाठी आधी आलेले स्वीडिश आणि डच शेतकरीही होते. राजाने आपलं कर्ज दुसऱ्याच्या जमिनीतून फेडलं. मुलांना हे सांगायला विसरू नका. मी सांगण्याआधीच एकाने हात वर करून विचारलं होतं.

पत्रक

आता मूळ प्रश्नाकडे येते. सनद मिळाली त्याच वर्षी पेन यांनी पेनसिल्व्हेनियाची माहिती देणारी छोटी पुस्तिका छापली. लगेच तिची डच आणि जर्मन भाषांतरं निघाली. रॉटरडॅममधले क्वेकर व्यापारी बेंजामिन फर्ली यांनी युरोपातलं काम सांभाळलं. इंग्लंड, वेल्स, आयर्लंडमध्ये क्वेकरांच्या सभा गावोगाव भरायच्या, त्यामुळे बातमी आपोआप पसरली. पेन यांचा माणसांवर जम बसलेला होता, त्यांच्यासाठी ते तुरुंगात गेलेले होते. अशा माणसाचं पत्रक लोक वेगळ्या नजरेने वाचतात.

पुस्तिकेत जमीन, लाकूड, शिकार, मासे, पिकं यांचं वर्णन आहे. कोण यावं हेही आहे. कष्टाळू शेतकरी, मजूर, सुतार, गवंडी, विणकर, चांभार. धाकटे भाऊ, ज्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित फारसं येत नाही. मला सगळ्यात आवडला तो वेगळाच भाग. उन्हाळ्याआधी हिवाळा सोसावा लागेल, दोन-तीन वर्षं घरच्या सोयींशिवाय काढावी लागतील, हे त्यांनी सरळ लिहिलं. नीट विचार करा, घरच्यांची संमती घ्या, असंही लिहिलं. आजकाल प्लॉटच्या जाहिराती आपण पाहतो. स्टेशनपासून पाच मिनिटं लिहितात आणि चालायला लागलं की अर्धा तास होतो!

आता व्यवहार बघा. 5,000 एकर जमीन 100 पौंडांत. शिवाय दर शंभर एकरांमागे वर्षाला एक शिलिंग खंड. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्याने कमी घ्यावी, किंमत त्या प्रमाणात. ज्याच्याकडे अजिबात नाहीत त्याने 200 एकरांपर्यंत जमीन खंडाने कसावी, एकराला वर्षाला एक पेनी. आणि जो नोकर म्हणून येईल त्याची मुदत संपल्यावर त्याला 50 एकर, त्याला आणणाऱ्या मालकालाही 50 एकर. प्रवासखर्चही छापलेला होता. मोठ्या माणसाला जास्तीत जास्त 6 पौंड, नोकराला 5 पौंड, सात वर्षांखालच्या मुलाला 50 शिलिंग आणि अंगावर पिणारं बाळ फुकट. आपल्या एसटीच्या अर्ध्या तिकिटासारखंच की! (एक पौंड म्हणजे 20 शिलिंग, एक शिलिंग म्हणजे 12 पेनी. एकराला किती पेनी पडले हे गणित मुलांना घाला. उत्तर पाचाच्या आत येतं.)

सुरुवातीच्या खरेदीदारांसाठी आणखी एक गोष्ट ठेवली होती. दर 500 एकरांमागे होणाऱ्या शहरात 10 एकर जागा. अटीही होत्या. तीन वर्षांत जमीन कसायला घ्यायची, नुसती अडवून ठेवायची नाही. पाच एकर जंगल तोडलं तर एक एकर राखायचं, विशेषतः ओक जहाजांसाठी आणि तुती रेशमासाठी. 1681 सालची ही अट मी पर्यावरणाच्या तासालाही सांगते.

नोकर या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. तिकिटाचे पैसे नसलेला माणूस साधारण चार-पाच वर्षं काम करून देण्याचा करार करी आणि त्या बदल्यात मालक त्याचं भाडं भरी. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं आहेत. त्यांना मी उचल म्हणाले आणि त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. फरक इतकाच की तिथे मुदतीनंतर जमीन मिळण्याचं लेखी वचन होतं.

1685 पर्यंत सुमारे 600 जणांनी मिळून सात लाख एकरांहून जास्त जमीन घेतली. सगळेच गेले नाहीत, काहींनी नुसती गुंतवणूक केली.

कायदे हेही आमिषच

स्वस्त जमीन दुसरीकडेही मिळत होती. पेन यांनी 1682 मध्ये राज्यकारभाराची चौकट आणि कायदे लिहून छापले, तेही माणूस जहाजात चढण्याआधी त्याच्या हातात पडावेत म्हणून. देव मानणाऱ्या कोणालाही धर्मावरून त्रास होणार नाही. निवडलेली सभा, पंचांसमोर खटला. इंग्लंडमध्ये चोरीसाठीही फाशी होत असे, इथे ती खून आणि राजद्रोह एवढ्यापुरती. अर्थात मर्यादाही होत्या. मत द्यायचा हक्क फक्त मालमत्ता असलेल्या किंवा कर भरणाऱ्या पुरुषांना, आणि अधिकारपद फक्त ख्रिस्ती माणसाला.

शिक्षक म्हणून मला दोन कलमं फार महत्त्वाची वाटली. बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाला एखादा उपयोगी धंदा शिकवावा, म्हणजे गरिबाला पोट भरता येईल आणि श्रीमंत उद्या गरीब झाला तर त्याचंही अडणार नाही. पुढच्याच वर्षी, 1683 मध्ये, बाराव्या वर्षापर्यंत मुलाला लिहितावाचता आलं पाहिजे, नाहीतर पालकाला 5 पौंड दंड असा कायदा झाला. दंडाची रक्कम जहाजाच्या नोकराच्या भाड्याएवढी! त्याच वर्षी फिलाडेल्फियात एनॉक फ्लॉवर नावाच्या शिक्षकाची नेमणूक झाली. तिमाहीला नुसतं वाचन 4 शिलिंग, वाचन आणि लेखन 6 शिलिंग, त्यात हिशेब घेतला तर 8 शिलिंग. ही फी वाचून आमच्या स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली.

समुद्रापलीकडे

पेन यांनी आपले नातलग विल्यम मार्कहॅम यांना आधीच पुढे पाठवलं होतं. स्वतः निघायच्या आधी त्यांनी बायकोला आणि मुलांना लांबलचक पत्र लिहिलं. घरखर्चात काटकसर करा, पण मुलांच्या शिक्षणात करू नका, हा त्यातला एक मुद्दा. ऑगस्ट 1682 च्या अखेरीस वेलकम नावाचं जहाज सुमारे शंभर प्रवासी घेऊन निघालं. वाटेत देवीची साथ आली. तीसएक माणसं गेली. पेन यांना लहानपणी देवी येऊन गेलेल्या होत्या, त्यामुळे ते बिनधास्त आजाऱ्यांची सेवा करत राहिले.

27 ऑक्टोबरला ते न्यू कॅसल इथे उतरले. तिथल्या लोकांनी ताबा दिल्याची खूण म्हणून त्यांच्या हातात मातीचं ढेकूळ, झाडाची डहाळी आणि नदीचं पाणी दिलं.

डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मध्ये फिलाडेल्फिया शहराची आखणी झाली. थॉमस होम यांनी मोजणी केली. सरळ रस्ते, काटकोनात चौक, दोन मुख्य रस्ते शंभर फूट रुंद, लोकांसाठी पाच मोकळी मैदानं. रस्त्यांना झाडांची नावं. प्रत्येक घराभोवती बाग असावी, म्हणजे आग लागली तरी पसरणार नाही, ही कल्पना लंडनमधून आलेली. पण पहिल्या हिवाळ्यात कित्येक कुटुंबं नदीच्या दरडीत खणलेल्या गुहांमध्ये राहिली. बायकामुलांसह. आणि वचन दिलेली ती शहरातली 10 एकर जागा? नदीकाठी तेवढी जमीनच हाती आली नाही. मग शहरात छोटे प्लॉट आणि उरलेली जागा शहराबाहेर, अशी वाटणी झाली. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं चूक नव्हतं. वेल्समधल्या क्वेकरांना 40,000 एकरांचा एकसंध पट्टा आणि त्यात आपला कारभार आपण बघायची आशा दाखवली होती, तीही पुढे मोडली.

तरी जहाजं येत राहिली. 1685 च्या पुस्तिकेत पेन यांनी स्वतःच 90 जहाजांचा आकडा दिला आहे. 1683 च्या ऑक्टोबरमध्ये काँकॉर्ड जहाजातून जर्मनीतल्या क्रेफेल्डची 13 कुटुंबं उतरली. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हे त्यांच्या थोडे आधी आले होते. त्यांनी वसवलेलं ते जर्मनटाउन.

इथे एक नकोशी गोष्टही लिहायला हवी. 1684 मध्ये इझाबेला नावाचं जहाज सुमारे 150 आफ्रिकन गुलाम घेऊन फिलाडेल्फियात आलं आणि जंगलतोडीला हात हवेत म्हणून वसाहतवाल्यांनी ते विकत घेतले. त्यांना ना करार, ना मुदत, ना 50 एकर. खुद्द पेन यांच्याकडेही गुलाम होते. सगळे सारखे मानणाऱ्या पंथातला माणूस, आणि हे! मी यावर बराच विचार केला, पण पटेल असं स्पष्टीकरण मला मिळालं नाही. जर्मनटाउनच्या चार जणांनी 1688 मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला, त्यात पास्टोरियसही होते. म्हणजे त्या काळात कोणाला कळतच नव्हतं असंही म्हणता येत नाही.

लेनापे लोकांशी मात्र पेन यांनी बऱ्याच इतर मालकांपेक्षा बरा व्यवहार केला. येण्याआधीच त्यांना पत्र पाठवलं. राजाची सनद हातात असूनही जमीन त्यांच्याकडून विकत घेतली, खरेदीखतं केली. वाद झाला तर सहा गोरे आणि सहा लेनापे मिळून निवाडा करतील अशी अट घातली. त्यांची भाषा थोडीफार शिकले. शॅकमॅक्सन इथे एका मोठ्या एल्म झाडाखाली प्रमुख तमानेंड यांच्याशी मैत्रीचा करार झाला अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. ते झाड 1810 मध्ये वादळात पडलं. पण खरेदीखताचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच लागत होता असं नाही. लेनापेंच्या दृष्टीने जमीन वापरू देणं म्हणजे ती कायमची सोडणं नव्हतं. आणि प्रत्येक नवीन जहाजागणिक कुंपणं पुढे सरकत होती.

मालकाच्या हाती काय आलं

पेन पहिल्या खेपेला जेमतेम दोन वर्षं तिथे राहिले. मेरीलँडच्या लॉर्ड बाल्टिमोरशी हद्दीचा वाद पेटला म्हणून 1684 मध्ये इंग्लंडला परतले. राजा दुसरा जेम्स त्यांचा स्नेही होता. 1688 मध्ये तो गादीवरून गेला आणि पेन यांच्यावर राजद्रोहाचा संशय आला. काही काळ वसाहतीचा कारभारही काढून घेतला गेला. 1694 मध्ये गुलिएल्मा वारल्या. 1696 मध्ये त्यांनी हॅना कॅलोहिल यांच्याशी लग्न केलं. 1699 मध्ये पुन्हा पेनसिल्व्हेनियात गेले, 1701 मध्ये निवडलेल्या सभेला जास्त अधिकार देणारी नवी सनद दिली आणि परत आले. पुन्हा कधी जाणं झालं नाही.

पैशाचं काय झालं? वसाहतवाले खंड भरेनात. आम्ही जमीन विकत घेतली, मग दरवर्षी कसले पैसे, असं त्यांचं म्हणणं. मालकाने स्वतःच त्यांना सभा दिली होती, त्या सभेतच ते मालकाविरुद्ध बोलत. सातासमुद्रापलीकडून वसुली करणार कशी?

त्याहून मोठा घाव घरातून बसला. फिलिप फोर्ड हे त्यांचे लंडनमधले कारभारी. जमीनविक्रीचे व्यवहार, हिशेब सगळं त्यांच्या हाती. पेन हिशेब बघत नसत. पुढे ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करत. असा एक कागद 1682 मध्ये जहाज निघण्याच्या गडबडीत सही झाला आणि पुढच्या कागदांनी तो पक्का होत गेला. अर्थ असा की पेनसिल्व्हेनिया कर्जापोटी फोर्ड यांच्याकडे गहाण. फोर्ड वारल्यावर त्यांच्या बायकोने आणि मुलांनी हजारो पौंडांचा दावा लावला. 1708 मध्ये त्रेसष्ट वर्षांचे पेन कर्जासाठी तुरुंगात गेले. शेवटी क्वेकर मित्रांनी वर्गणी करून सुमारे 7,600 पौंडांवर प्रकरण मिटवलं. न वाचता सही केली की काय होतं हे आपल्याकडे प्रत्येक गावात कोणीतरी सांगेलच. फक्त गहाण पडणारं शेत असतं दोन-चार एकरांचं.

थकून पेन यांनी वसाहतीचा कारभार राजसत्तेला 12,000 पौंडांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा होण्याआधीच 1712 मध्ये त्यांना अर्धांगवायूचे झटके आले. त्यानंतरची सहा वर्षं हॅनाबाईंनी पत्रव्यवहार करून वसाहतीचा कारभार चालवला, आणि पती गेल्यावरही चालवला. 30 जुलै 1718 रोजी पेन इंग्लंडमध्ये रस्कोम इथे वारले. जॉर्डन्स या खेड्यात क्वेकरांच्या सभागृहाबाहेर, गुलिएल्मा यांच्या शेजारी त्यांना पुरलं. आयुष्यभरात त्यांनी आपल्या नावाच्या त्या मुलखात एकूण चार वर्षंही काढली नाहीत. 1984 मध्ये अमेरिकेने विल्यम आणि हॅना दोघांनाही मानद नागरिकत्व दिलं.

मालकी मुलांकडे गेली. थॉमस पेन हा मुलगा वडिलांसारखा नव्हता, क्वेकर पंथही त्याने पुढे सोडला. 1737 मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी 1686 सालचा म्हणून एक कागद पुढे केला. एक माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन लेनापेंनी देऊ केली आहे, असं त्यात होतं म्हणे. लेनापेंना वाटलं, साधं चालणं, वाटेत बसणं, जेवणं. थॉमसच्या माणसांनी आधीच झाडं तोडून वाट मोकळी केली आणि तीन तगडी माणसं जवळजवळ पळवली. दोघे मध्येच थकले. तिसरा, एडवर्ड मार्शल, 65 ते 70 मैल गेला. जितकं चालणं तितकी जमीन या हिशेबाने सुमारे 1,200 चौरस मैल गेले. लेनापे पश्चिमेकडे सरकले, तिथूनही पुढे सरकवले गेले. आज त्यांचे वंशज मुख्यतः ओक्लाहोमा आणि कॅनडातल्या ऑन्टारियो भागात आहेत. वर्गात नकाशा लावून मी मुलांना फिलाडेल्फियापासून ओक्लाहोमापर्यंत दोरा धरायला सांगितला. दोन मुलं दोन टोकांना उभी राहिली. मूळ प्रश्न विचारणारी मुलगी ओक्लाहोमाच्या टोकाला होती, आणि इथे त्यांना कोणी बोलावलं होतं का, हा तिचा पुढचा प्रश्न होता.